तीन नंबरचं पिंप

"हां मीटर, सांग पाहू. किती?"

साहेबांनी पाण्याचा पेला त्याच्या नाकाशी धरला. मागे सहा पाहुणे उभे होते. कुठल्याशा दुसऱ्या शहराच्या उद्यान खात्यातून आलेले, कडक इस्त्रीचे शर्ट घातलेले आणि शेडनेटखालच्या दमट उकाड्यात वितळायला लागलेले. त्यांतल्या एकाने मोबाईल वर धरला होता.

मीटरने करंगळी पेल्यात बुडवली, जिभेच्या टोकाला लावली आणि डोळे मिटले. चव घ्यायला डोळे मिटावे लागत नाहीत. पण पाहुण्यांना ते आवडतं, हे त्याला तीन वर्षांत समजलं होतं.

"सहा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "सहाला किंचित कमी. पावणेसहा धरा."

टाळ्या पडल्या. "कमाल आहे राव!" मोबाईलवाला म्हणाला. साहेबांनी मीटरच्या पाठीवर थाप मारली, विकायला काढलेल्या बैलाच्या पाठीवर मारतात तशी. "यंत्राच्या तोंडात मारेल असा माणूस आहे आमचा. ना सेल लागत, ना दुरुस्ती!"

पाहुणे हसले. मीटरही हसला. हसणं हाही त्याच्या कामाचा भाग होता.

खरी गोष्ट अशी होती की त्याच्या जिभेला काहीही लागलं नव्हतं. ना खारं, ना मचूळ, ना गोडं. ओला कापूस चाटावा तसं. आणि त्याने सांगितलेला आकडा खरा की खोटा हे तपासायला त्या अख्ख्या रोपवाटिकेत काहीच नव्हतं. म्हणून तर टाळ्या पडल्या.

हे मीटर प्रकरण मुळापासून सांगायला हवं.

चार वर्षांपूर्वी खात्याने उड्डाणपुलाजवळच्या दुभाजकावर शोभेची फुलझाडं लावली आणि ती एका उन्हाळ्यात वाळून कोळ झाली. पाणी रोज पडत होतं. टँकरच्या मागे बारा बायका पाईप ओढत होत्या आणि त्या बारांत मीटरची बायको होती. पण टँकर भरायचा तो समुद्राकडच्या बोअरवर, आणि उन्हाळ्यात त्या बोअरचं पाणी खारं व्हायचं. म्हणजे बायका रोज इमानेइतबारे झाडांना मीठ पाजत होत्या. त्या हे कानीकपाळी ओरडून सांगत होत्या. खात्याने कागदावर लिहिलं की पाणी न दिल्यामुळे झाडे मेली. बाराही जणींना घरी बसवलं. चौकशी नाही, विचारपूस नाही. ज्याने ती नाजूक झाडं निवडली त्याच्या केसाला धक्का लागला नाही. तो पुढे साहेब झाला.

मग पेपरात ओरड झाली आणि खात्याला शहाणपण सुचलं. खारं पाणी सोसणारी फुलझाडं आधी शोधा, मग लावा. त्यासाठी एक तरुण मॅडम कंत्राटावर आली. सहा जातींची फुलझाडं तिने कुंड्यांत लावली: कण्हेर, बोगनवेल, सदाफुली, गेलार्डिया, जास्वंद, एक्झोरा. समोर चार पिंपं. एक नंबरमध्ये नळाचं गोडं पाणी. दोनमध्ये मचूळ. तीनमध्ये समुद्ररस्त्याच्या बोअरला भर उन्हाळ्यात येतं तेवढं खारं, म्हणजे खारेपणा मोजायच्या मीटरवर सहाचा आकडा. चारमध्ये त्याच्याही वर. ज्या झाडाला जे पिंप त्याला तेच पाणी, रोज. कोणाच्या पानांच्या कडा करपतात, कोणाच्या कळ्या गळतात, कोण सगळं सोसून फुलतं, ते बघायचं. तीन नंबरवर जे टिकेल ते रस्त्यावर जाईल. एवढं सोपं.

पिंपं कालवायला रोपवाटिकेतला जुना माणूस दिला. एकोणीस वर्षं तो तिथे खुरपं चालवत होता, दर वर्षी नव्याने कामावर घेतला जात होता. त्याने हे काम जिवाला लावून घेतलं. बायकोला म्हणाला, "आता जी झाडं जातील ती मरायची नाहीत. म्हणजे पुढच्या बायकांना कोणी बोलायला नको." बायको म्हणाली, "बघू."

मीठ वजनावर घालून भागत नव्हतं. रोपवाटिकेची बोअरही समुद्राचंच भावंड. आज मचूळ, आठवड्याने खारी, पावसाळ्यानंतर जवळजवळ गोडी. म्हणून रोज आधी मीटरने पाणी मोजायचं आणि मग लागेल तेवढं मीठ घालायचं. मीटर म्हणजे पेनाएवढं यंत्र. पहिल्या महिन्यात तो रोज यंत्र बुडवायचा, आकडा बघायचा आणि गंमत म्हणून करंगळी चाटायचा. महिन्याभरात सहा म्हणजे काय ते त्याच्या जिभेला पाठ झालं. दुसऱ्या महिन्यात साहेब एका पुढाऱ्याला यंत्र दाखवायला आले आणि त्यांच्या हातून ते हौदात पडलं. काढलं तेव्हा त्याचा डोळा मिटलेला होता. साहेबांनी ते रुमालाने पुसलं, कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. यंत्र बिघडलं असं लिहिलं तर कोणी बिघडवलं हेही लिहावं लागलं असतं. तेव्हा ते बिघडलंच नाही.

"मग मोजायचं कशाने?" मॅडमने विचारलं होतं.

"मी सांगतो की," तो म्हणाला.

मॅडमने पहिल्या वर्षी तिच्या कॉलेजातून यंत्र उसनं आणून दोनदा ताडून पाहिलं. दोन्ही वेळा त्याचा आकडा पाव इकडे, पाव तिकडे. त्या दिवसापासून तो मीटर झाला. मॅडम त्याला काका म्हणायची, बाकी सगळे मीटर. तो आकडा बोलायचा, मॅडम वहीत लिहायची आणि वहीच्या वर छापलेलं असायचं, यंत्राद्वारे मोजमाप.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला ताप आला. आठ दिवस अंथरुणाला खिळला. उठला तेव्हा वास गेला होता आणि चव गेली होती. वास महिन्याने आला. चव आली नाही.

तो कोणाला बोलला नाही. येईल उद्या, येईल परवा, असं करत चार महिने गेले. पिंपं तो मुठीच्या अंदाजाने कालवत राहिला. तीन नंबरला चार मुठी, चार नंबरला सात. करंगळी मात्र रोज चाटायचा, कारण बघणारे बघत असतात.

पाहुणे आले त्या संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि ओट्यापाशी जाऊन ताट वाढून घेतलं. बायको खिडकीशी बसून उसवलेलं झबलं शिवत होती. त्यांच्या घरात दोन पातेली असत. कामावरून काढल्यापासून बायकोला रक्तदाब धरला होता, त्यामुळे तिचं अळणी आणि त्याचं मिठाचं.

तो अर्धं ताट जेवला. तिने मान वर केली.

"कशी झालीय भाजी?"

"मस्त."

"मीठ?"

"बरोबर आहे."

तिने सुई झबल्यात टोचून ठेवली. "अहो, कुठल्या पातेल्यातलं घेतलंत?"

त्याने ओट्याकडे बघितलं. मग ताटाकडे बघितलं.

"ते माझं आहे," ती म्हणाली. "कण नाही त्यात मिठाचा. मी ते डोळे झाकून गिळते, आणि तुम्ही मस्त म्हणताय?"

"भूक लागली होती."

"भुकेने चव जात नाही. कधीपासून?"

तो घास मोडत राहिला.

"तापापासून ना? मला वाटलंच. परवा दुधात साखर नव्हती तरी फुर्र करून प्यायलात. चार महिने झाले की हो!"

"येईल परत."

"आणि पिंपं?"

"हाताला सवय आहे. मुठीचा अंदाज आहे माझा."

"अंदाज!" ती उठून त्याच्या समोर येऊन बसली. "तुमच्या अंदाजावर झाडं लावतील, ती मरतील, आणि मग कुठल्यातरी बाईला घरी बसवतील. मग तिला बीपी होईल. मग ती अळणी खाईल. आणि तिचा नवरा ते अळणी खाऊन मस्त म्हणेल."

"झाडं काही मरत नाहीत. उलट जास्वंद तीन नंबरला झकास उभी आहे. साहेब खूश आहेत. समुद्ररस्त्यावर लाल जास्वंदच हवी होती त्यांना."

"जास्वंद? खाऱ्या पाण्यावर?" बायको हसली. त्या हसण्यात मजा नव्हती. "मी तीन उन्हाळे पाईप ओढलाय. पुलाजवळ सगळ्यात आधी काय गेलं होतं, आठवतंय? जास्वंद. आठव्या दिवशी कडा तपकिरी, पंधराव्या दिवशी खराटा."

त्याला आठवत होतं. चार महिने त्याने ते आठवू दिलं नव्हतं.

"सांगून टाका," ती म्हणाली.

"काढतील मला. साठी भरायला दीड वर्ष राहिलंय. तुझ्या गोळ्या खात्याच्या दवाखान्यातून येतात."

"माझ्या गोळ्यांना मध्ये आणू नका. त्या का सुरू झाल्या ते तुम्हाला ठाऊक आहे."

एवढं बोलून तिने त्याच्या ताटातली अळणी भाजी काढून घेतली, स्वतःच्या पातेल्यात परत टाकली आणि त्याला मिठाची वाढली. दोन्ही सारख्याच दिसत होत्या. त्याला त्या सारख्याच लागल्या.

सकाळी तो कोणी यायच्या आत रोपवाटिकेत गेला. तीन नंबरच्या रांगेत उकिडवा बसला आणि जास्वंदीची पानं एकेक करून उलटी केली. हिरवीगार. कडेला करपल्याची रेघही नाही. कळ्या टपोऱ्या. शेजारी एक्झोरा, तीही टवटवीत. एक्झोरा म्हणजे नुसतं खारं वारं लागलं तरी रुसणारी बया. ती तीन नंबरवर फुलते आहे याचा अर्थ काय होतो, ते इतकी वर्षं झाडांत काढलेल्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही. पावसाळ्यानंतर बोअर गोडी झाली होती आणि त्याच्या चार मुठी चारच राहिल्या होत्या. जीभ असती तर त्याने आठ घातल्या असत्या.

माणूस स्वतःला फसवतो तेव्हा त्याला डोळे असून चालत नाही आणि जीभ नसली तर फारच सोयीचं होतं.

मॅडम नऊला आली. खांद्याला पिशवी, हातात अहवालाची फाईल. कंत्राट शुक्रवारी संपत होतं आणि अहवालही शुक्रवारीच द्यायचा होता.

"मॅडम, थोडं बोलायचं होतं."

"बोला ना काका. चालता चालता बोला, मला फोटो काढायचेत जास्वंदीचे."

"फोटो काढू नका."

ती थांबली. त्याने सांगितलं. ताप, करंगळी, मुठी, सगळं. सांगताना तो तिच्याकडे न बघता पिंपाच्या झाकणाकडे बघत होता. आधी तिला तो चेष्टा करतोय असं वाटलं. मग तिने फाईल कुंड्यांच्या फळीवर ठेवली आणि स्वतःही फळीला टेकली.

"चार महिने, काका?"

"हो."

"चार महिने मी रोज तुम्हाला विचारतेय, आणि तुम्ही रोज मला आकडे देताय. साडेपाच. पावणेसहा. पावणे कुठून आणत होतात हो?"

"नुसतं सहा म्हटलं तर खोटं वाटेल म्हणून."

तिला हसू आलं आणि तिचे डोळेही भरले. दोन्ही एकदमच. ती निघून गेली. दुपारी कॉलेजातून यंत्र घेऊन परत आली आणि तीन नंबरच्या पिंपात बुडवलं. आकडा हलला, थांबला.

"दोन पॉईंट नऊ."

निम्मं. निम्म्याहून कमी. मीटरने खाली वाकून स्वतः आकडा वाचला. यंत्राचा त्याला राग आला नाही. उलट तीन वर्षं डोक्यावर असलेलं ओझं कोणीतरी उतरवून खाली ठेवावं तसं वाटलं.

दोघं साहेबांकडे गेली. साहेब ऐकत होते आणि पेनाच्या टोपणाने कान कोरत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी टोपण पुसलं.

"बाई, तुमच्या वहीवर काय छापलंय?"

"यंत्राद्वारे मोजमाप."

"यंत्र कुठे आहे?"

"तुमच्या कपाटात. बंद पडलेलं."

"कपाटात आहे ना? मग आहे. दर वर्षी तपासून घेतल्याचा शेरा आहे, खाली माझी सही आहे. आता हा गडी म्हणतो, माझी जीभ बिघडली. बिघडू दे! याची जीभ आपल्या रेकॉर्डला कधी होती? मी वर काय लिहून पाठवू? तीन वर्षं एक माणूस पिंपं चाटत होता म्हणून?"

"सर, मला दोन महिने द्या. फक्त तीन नंबर परत करू. तीन नंबर चुकला म्हणजे चारही चुकला असणार, पण निदान..."

"सहा हजार जास्वंदी सांगून झाल्यात. ट्रक निघालेत. शुक्रवारी अहवाल दिलात तर कंत्राट वाढवायचं बघतो. नाही दिलात तर दुसरी कोणी मॅडम देईल." मग ते मीटरकडे वळले आणि आवाज एकदम मऊ केला. मऊ आवाजातला साहेब जास्त वाईट. "तू कशाला उगीच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोस? दीड वर्ष राहिलंय तुझं. गपगुमान काढ. मी काही ऐकलेलं नाही."

बाहेर आल्यावर मॅडम बराच वेळ नळाखाली हात धूत राहिली. तिच्या हाताला काही लागलेलं नव्हतं.

"माझ्या घरी मी एकटीच कमावते, काका," ती म्हणाली.

"मी कुठं काय म्हणालो?"

शुक्रवारी अहवाल गेला. कंत्राट काही वाढलं नाही, ते वाढणारच नव्हतं. मॅडम गेली तेव्हा त्याला न भेटताच गेली.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही म्हणे."

"मग आता तुमचं समाधान झालं का?"

सत्य बोलून मोकळं झालेल्या माणसाला हलकं वाटायला हवं होतं. त्याला नुसतं दमल्यासारखं वाटत होतं.

थंडी सरता सरता समुद्ररस्त्याचे दुभाजक लाल झाले. पुढाऱ्यांनी फोटो काढले. लोक जास्वंदीसमोर उभे राहून स्वतःचे काढू लागले. मीटर कामावरून घरी जाताना मुद्दाम त्या रस्त्याच्या बसने जायचा आणि खिडकीतून कडा बघायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याला पहिली तपकिरी रेघ दिसली. पाचव्यात कळ्या न उमलताच गळू लागल्या. दहाव्या आठवड्यात सहा हजार खराटे उभे होते.

टँकरच्या दहा बायकांना नोटिसा आल्या. पाणी न दिल्यामुळे रोपे मेली. वाक्य तेच होतं, कोणी बदलायचीही तसदी घेतली नव्हती. फरक एवढाच की पेपरवाले मागे लागल्यामुळे या वेळी चौकशी बसली.

बायकोने ही बातमी आणली. तिच्या जुन्या ओळखीची एक बाई त्या दहांत होती. एवढं सांगून ती उठली. चूल आवरली, ओटा पुसला, परत पुसला.

"कुठे आहे चौकशी?" त्याने विचारलं.

"समुद्ररस्त्यावरच्या कचेरीत. उद्या अकराला."

"तू येशील?"

"मला कोण विचारतंय तिथे?"

"मलाही कोणी बोलावलेलं नाही."

ती म्हणाली, "येते."

कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर चार बायका बसल्या होत्या. बाकीच्या सहा कामावर होत्या. मीटरची बायको त्यांच्यात सरकून बसली. तो दार ढकलून आत गेला.

चौकशी अधिकारी दुसऱ्या खात्यातून आणलेला होता. त्याला झाडांतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. टेबलावर डबा उघडा होता, चिरलेली काकडी, बाजूला मिठाची छोटी बाटली. शेजारी लिहून घेणारा कारकून.

"कोण तुम्ही? यादीत आहात?"

"नाही."

"मग?"

"झाडं का मेली ते सांगायला आलोय. लिहून घ्या."

"पुढच्या बाईला पाठवा हो," अधिकारी कारकुनाला म्हणाला.

"बायकांनी पाणी घातलंय. रोज घातलंय. खारं घातलंय, कारण टँकर खाऱ्या बोअरवर भरतो. आणि ही झाडं खाऱ्या पाण्यावर टिकतात असं ज्या अहवालात लिहिलंय, ते पाणी मी कालवलं होतं. माझी चव गेली होती. मी अंदाजाने मीठ घालत होतो आणि खोटे आकडे सांगत होतो. यंत्र तीन वर्षांपासून बंद आहे, साहेबांच्या कपाटात. कपाट उघडून बघा."

अधिकाऱ्याने काकडीचा तुकडा खाली ठेवला. "थांबा, थांबा. तुम्ही पाणी जिभेने मोजत होता?"

"हो."

"आणि जीभ गेली?"

"जीभ आहे. चव गेली."

"त्याचा डॉक्टरी दाखला आहे?"

"नाही."

"मग मी हे लिहू कसं? उद्या कोणीही येऊन म्हणेल, माझी चव गेली. पुरावा काय?"

मीटरने टेबलावरची बाटली उचलली. झाकण फिरवून काढलं आणि तळहातावर उलटी केली. तळहात भरला. त्याने तो तोंडात रिकामा केला आणि चावायला लागला, फुटाणे चावावेत तसा, सावकाश, अधिकाऱ्याकडे बघत. कचकच आवाज खोलीभर ऐकू येत होता. कारकुनाचं तोंड वेडंवाकडं झालं, अधिकाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मीटरच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. फक्त घसा भाजला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्याने पुसलं नाही.

"पुरे!" अधिकारी उठून उभा राहिला. "पुरे, अहो, थुंका ते! पाणी द्या त्यांना."

"आधी लिहा," मीटर भरल्या तोंडाने म्हणाला.

कारकुनाने लिहिलं. एक पान, मग दुसरं. मधेच मान वर करून त्याने विचारलं, "अंदाजे किती मूठ?" आणि मीटरने सांगितलं, "चार." या आकड्याला त्याने पावणे जोडलं नाही. शेवटी अधिकाऱ्याने कागद त्याच्याकडे सरकवला.

"हे वर जाईल. बायकांचं काय होईल ते माझ्या हातात नाही. तुमचं काय होईल ते मात्र आताच सांगतो. उद्यापासून तुम्हाला कोणी आत घेणार नाही."

"माहीत आहे."

"मग कशाला आलात?"

मीटरने सही केली आणि पेन जागेवर ठेवलं. बाहेरच्या नळावर त्याने दोन वेळा तोंड धुतलं, एकदा उलटी केली, परत तोंड धुतलं. बायको पदराने वारा घालत शेजारी उभी राहिली. काय झालं ते तिने दाराच्या फटीतून पाहिलं होतं.

"वेड्यासारखं मूठभर कशाला?" ती म्हणाली. "चमचाभर पुरलं असतं."

"चमच्यावर विश्वास नसता बसला."

दोघं बसथांब्याकडे चालू लागली. ऊन चढलं होतं. समुद्रावरून वारा येत होता आणि दुभाजकावरचे सहा हजार खराटे वाऱ्यात नुसते खडखडत होते. पुढे टँकर उभा होता. सहा बायका पाईप ओढत होत्या आणि एकेका मेलेल्या झाडाच्या बुंध्याशी पाणी सोडत होत्या. चौकशी चालू असताना पाणी थांबलं तर तोच पुरावा होईल, म्हणून मुकादमाने त्यांना सांगून ठेवलं होतं. एकही झाड सोडायचं नाही.

पाईपच्या तोंडाशी जी होती ती पन्नाशीची असेल. तिच्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजला होता. ती कमरेला हात लावून थांबली, परत वाकली.

मीटरची बायको रस्ता ओलांडून दुभाजकावर चढली.

"बस जरा," ती त्या बाईला म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"मी पुलाजवळची."

त्या बाईने तिच्याकडे नीट बघितलं. मग पाईप तिच्या हातात दिला आणि कठड्यावर बसली. बायकोने पाण्याच्या तोंडावर अंगठा धरून धार बारीक केली, माती वाहून जाऊ नये म्हणून, आणि पहिल्या खराट्याच्या मुळाशी धरली. आळं भरेपर्यंत थांबली. मग दुसऱ्याच्या.

मागे पाईपला पीळ पडला होता. मीटर वाकला, पीळ सोडवला आणि पाईप खांद्यावर घेऊन तिच्या मागून एकेक पाऊल सरकू लागला.

"ओढू नका," ती मागे न बघता म्हणाली. "सैल सोडा."

त्याने सैल सोडला.